चमचाभर मीठ

आज गोवंडीत दुपारी एका खोलीत अकरा बायका दाटीवाटीने बसल्या. (तिशीवरच्यांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका बघायची प्रश्नावली, भरायचे होते, निम्मेच झाले.) तळहातावर चमचाभर मीठ घेऊन म्हटलं, "माणशी दिवसाला एवढंच, ५ ग्रॅम. पापड, लोणचं, फरसाण यातच धरून."

एक मावशी हसल्या, "अगं, एवढं तर आमच्या ह्यांच्या एका ताटात जातं!"

सिस्टरांनी बीपी मोजलं, तर मावशींचंच १६८/१०२.

"पण माझं डोकंसुद्धा दुखत नाही गं."

तीच तर पंचाईत! बीपी एवढं वाढलं तरी बऱ्याचदा जाणवत नाही. गोळी चालू होती, बरं वाटलं म्हणून दिवाळीत सोडली. उद्या दवाखान्यात नेणारेय. नऊच्या आत, कारण नंतर नळाला पाणी येतं आणि मावशी जागच्या हलत नाहीत.