वर लिहिलेलं असतं: गोष्ट की आठवण

माझं न्यूजलेटर दर दुसऱ्या शुक्रवारी रात्री जातं. सब्जेक्ट लाइनमधला पहिला शब्द ठरलेला असतो: 'गोष्ट' किंवा 'आठवण'. शीर्षक त्याच्यानंतर. नवे वाचक बऱ्याचदा विचारतात, हे आधीच का सांगून टाकता? खरं की काल्पनिक ते आमचं आम्हाला ओळखू द्या की, त्यातच गंमत आहे. मला त्यात गंमत वाटत नाही. का वाटत नाही, ते एकदा नीट मांडायचं बरेच दिवस मनात होतं.

दिवाळी अंकात हा प्रश्नच येत नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला त्या अंकांची सवय आहे. आपण आधी अनुक्रमणिका उघडतो. कथा कुठली, ललित कुठलं, व्यक्तिचित्र कुठलं, ते तिथेच कळतं आणि वाचताना मन त्या तयारीनं बसतं. मेलला अनुक्रमणिका नसते. वर बँकेचा ओटीपी, खाली विजेचं बिल आणि मध्ये एका बाईचं नाव. उघडलं की पहिल्याच वाक्यात 'मी'. माणूस ते पत्र म्हणूनच वाचणार. मागे मी एक कथा पाठवली होती. नवऱ्याच्या आजारपणात सांगलीच्या सराफकट्ट्यावर पाटल्या मोडायला गेलेल्या बाईची, तिच्याच तोंडून सांगितलेली. वर 'गोष्ट' असं लिहिलेलं असूनही मला उत्तरं आली ती काळजीची. साहेबांची तब्येत आता कशी आहे? परदेशातल्या एका वाचक काकांनी तर काही लागलं तर संकोच करू नकोस, असं लिहिलं. हा जिव्हाळा मला फार मोलाचा वाटतो. म्हणूनच तो खोट्या समजुतीवर घ्यायचा नाही, हे मी स्वतःपुरतं ठरवलं आहे. त्या काकांना मी त्याच रात्री उत्तर दिलं की ही बाई मी कल्पनेतून लिहिली आहे, माझे यजमान ठणठणीत आहेत.

यावर कुणी कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांचा दाखला देईल, आणि तो योग्यच आहे. 'करमणूक' हे साप्ताहिक त्यांनी १८९० मध्ये सुरू केलं आणि त्यात यमू नावाच्या मुलीची कहाणी सांगणारी कादंबरी क्रमशः छापली. ही 'पण लक्षात कोण घेतो' अगदी आत्मचरित्रासारखी लिहिलेली आहे, 'मी'च्या तोंडून, आणि लिहिणारा पुरुष. दर आठवड्याला थोडं थोडं हाती येणारं, घरात बसून वाचायचं ते लेखन आजच्या न्यूजलेटरच्या किती जवळचं आहे! पण करमणूक कुणाचं आणि कादंबरी कुणाची, हे वाचकाला माहीत असायचं. यमू हरिभाऊंची आहे हे माहीत असूनही तिच्यासाठी जीव तुटतो, यातच कथेची ताकद आहे. खरं आहे असं भासवून डोळ्यांत पाणी आणणं मला कमअस्सल वाटतं.

आठवणीचं काम वेगळं आणि माझ्या अनुभवानं जास्त कष्टाचं. मी मिरजेच्या रेल्वे कॉलनीत वाढले. आत्या आमच्याकडेच राहायची. ती वाकळ शिवायला बसली की दुपार कधी सरली ते कळायचं नाही. जुनं नऊवारी चौघडी करून अंथरायची, पोटात विरलेले सदरे, परकर, धोतराचे तुकडे नीट पसरायची, कोपऱ्यांवर वाटीनं वजन ठेवायची आणि कडेनं धावदोरा घालत आत आत यायची. टाका हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्याहून मोठा पडला तर उसवायची. दोरा संपत आला की सुई केसांत खोवून उठायची. हे मी लिहू शकते, कारण हे मी पाहिलं आहे. ती तेव्हा काय बोलायची ते मला शब्दशः आठवत नाही. म्हणून तिच्या तोंडी मी अवतरणचिन्हांत एकही वाक्य घातलं नाही. आठवणीत संवाद रंगवायचा मोह प्रचंड असतो, कारण संवादानं मजकूर पळतो. गोष्टीत खुशाल पळवावा. आठवणीत जेवढं कानात उरलं आहे तेवढंच द्यावं, आणि उरलं नसेल तर तसं सांगावं. वाचक त्यानं दुरावत नाही.

पडताळणीही करावी लागते. आत्या आषाढीला 'बार्शी लाइट'नं पंढरपूरला जायची, असं आमच्या घरात म्हणत. बार्शी लाइट ही ती गाडी चालवणारी खासगी कंपनी. ती १९५४ साली सरकारनं विकत घेतली, म्हणजे आत्या जायची ती गाडी सरकारी रेल्वेची होती, कंपनीचं नाव फक्त लोकांच्या तोंडी राहिलं होतं. अडीच फुटांच्या रुळांवरून चालणारी ती छोटी गाडी आणि डब्यांच्या टपावर बसलेले वारकरी, हे लिहिताना घरातला शब्दही ठेवला आणि पुढे एका ओळीत खरी स्थितीही दिली. अशी एक ओळ दिली की वाचकाचा बाकीच्या आठवणीवरही विश्वास बसतो.

तो मजकूर पाठवण्याआधी मी आतेभावाला फोनवर वाचून दाखवला. ज्यांच्याबद्दल लिहिते ते, किंवा ते नसतील तर त्यांच्या जवळचं कुणी, यांच्या कानावर घातल्याशिवाय मी आठवण पाठवत नाही. छापील पुस्तक नात्यातल्या सगळ्यांच्या हाती पोचेलच असं नसतं. मेल मात्र एका बोटानं फॅमिली ग्रुपवर जाऊन पडतो आणि संध्याकाळपर्यंत कऱ्हाडच्या चुलत सासूबाईंनीही वाचलेला असतो. आतेभाऊ शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताई, वाकळेच्या पोटात पैसे ठेवायची, ते वाक्य तेवढं काढ. बाकी सगळं राहू दे." मी कारण विचारलं नाही, वाक्य काढलं.

त्या वाक्यानं मला मात्र सोडलं नाही. पुढे त्यातूनच एक गोष्ट झाली. नुसती नावं बदलून मी ती लिहिली नाही. आत्याची सुमन केली आणि मिरजेचं मोहोळ केलं, एवढ्यानं गोष्ट होत नाही. घरातला कुणीही ते दोन ओळींत ओळखतो आणि दुखावतो. मी माणूसच बदलला. माझ्या गोष्टीत पैसे ठेवणारा एक तरुण मुलगा आहे, गावातल्या पिठाच्या गिरणीवर कामाला असलेला, आणि वाकळ त्याच्या आजीची. तो पैसे का ठेवतो, हे शोधताना मला आत्याची एकदाही गरज पडली नाही. माझ्याकडून त्यात गेला तो फक्त एक स्पर्श: कापडाच्या थरांखाली बोटाला लागणारी घडी घातलेली नोट. पाठवण्याआधी हीसुद्धा आतेभावाला वाचायला दिली. त्यानं गिरणीतल्या पट्ट्याबद्दल दोन सुधारणा सुचवल्या, बाकी काही बोलला नाही.

थोडं मेलच्या कारभाराविषयीही सांगते, कारण नव्यानं लिहिणारे ते हमखास विचारतात. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं आणि खाली एक लिंक ठेवतं. युनिकोडमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह सहसा तीन बाइट घेतं, रोमन अक्षर एक. साध्या मजकुराला तेवढी जागा पुरते, पण सजवलेला साचा, ढीगभर लिंका आणि लांबलचक कथा एकत्र आल्या की शेवट कापला जाण्याची भीती असते. कथेचा शेवटच गेला तर उरलं काय? मी साचा अगदी साधा ठेवते आणि मजकूर दीड हजार शब्दांच्या आत. इनबॉक्समध्ये विषयाशेजारी मजकुराची पहिली ओळही दिसते, म्हणून सुरुवातीला फोटोची ओळ किंवा सुविचार नको, थेट पहिलं वाक्य हवं. किती जणांनी मेल उघडला, हा आकडा मी पाहायचं सोडलं आहे. तो मेलमधलं चित्र उतरलं की नाही, यावरून काढतात. ॲपलनं २०२१ मध्ये मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेण्याची सोय दिली, तेव्हापासून न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जातो. मी उत्तरं वाचते, सगळी वाचते.

उत्तरांत लोक आपापल्या आठवणी पाठवतात, आणि त्या माझ्यापेक्षा सरस असतात. पंढरपूरच्या गाडीवरचं पत्र गेलं तेव्हा कुर्डुवाडीच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी वारीच्या दिवसांतल्या ड्युटीविषयी इतकं तपशिलात लिहिलं, की त्यांची परवानगी घेऊन मी ते पुढच्या पत्रात जसंच्या तसं दिलं. सब्जेक्ट लाइनमध्ये 'आठवण' लिहिलं आणि पहिल्या ओळीत, ही कुणाची आहे ते. येत्या शुक्रवारी गोष्ट आहे. त्यातही एक 'मी' आहे, जकात नाक्यावर रात्रपाळी करणारा, आणि त्याच्यावर माझं काम अजून चालू आहे.