निरोगी दिसणाऱ्या कोंबड्यांमधील साल्मोनेला : माझा अनुभव

आमच्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या बॅचमध्ये साल्मोनेला एन्टेरिटिडिस हा माणसांत अन्नविषबाधा करणारा जंतू सापडल्याचा अहवाल हाती आला, तेव्हा मी तसाच शेडमध्ये गेलो. कोंबड्या नेहमीसारख्या खात होत्या, तुरे लालभडक होते, उत्पादन घटले नव्हते आणि मरतूकही वाढली नव्हती. साल्मोनेला म्हटले की पिल्लांची पांढरी हगवण किंवा मोठ्या कोंबड्यांचा टायफॉइड एवढेच मला ठाऊक होते. पण ते पुलोरम आणि गॅलिनेरम या प्रकारांचे रोग. एन्टेरिटिडिस प्रौढ कोंबडीला बहुधा आजारी पाडत नाही. तो तिच्या आतड्यात, विशेषतः सीकम या पिशवीसारख्या भागात, ठाण मांडतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि अंडाशयापर्यंत पोहोचला तर वरून स्वच्छ, अखंड दिसणाऱ्या अंड्याच्या आतही जातो. हे पशुवैद्यकांनी समजावल्यावर आम्ही त्याच दिवशी अंड्यांची थेट विक्री बंद केली आणि सर्व अंडी उष्णताप्रक्रियेसाठी पाठवू लागलो.

अँटिबायोटिक द्यावे का, असे मी विचारले. डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला, कारण त्याने जंतू मुळापासून जात नाहीत, काही काळ केवळ तपासणीत दिसेनासे होतात आणि प्रतिकार करणारे जंतू मागे उरण्याचा धोका वाढतो. पुढच्या तपासणीचा अहवाल मात्र औषधाशिवायच निगेटिव्ह आला आणि संकट टळले असे मी घरी सांगूनही टाकले. कोंबडी जंतू सतत बाहेर टाकत नाही, कधी टाकते, कधी नाही, आणि ताण आला की प्रमाण वाढते, हे तेव्हा मी मनावर घेतले नव्हते. काही दिवसांनी खाद्याचा पुरवठा विस्कळीत होऊन कोंबड्या बराच वेळ उपाशी राहिल्या. त्यानंतर बुटांवर ओलसर कापडी मोजे चढवून मी शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो, ते मोजे प्रयोगशाळेत गेले आणि जंतू वाढवण्याच्या लाल माध्यमावर साल्मोनेलाच्या, मधोमध काळा ठिपका असलेल्या वसाहती उगवल्या. एवढ्याशा ठिपक्यांनी बॅच काढून टाकण्याचा निर्णय पक्का केला.

खरी कसोटी रिकाम्या शेडमध्ये लागली. विष्ठा आणि धूळ शिल्लक असताना जंतुनाशक मारणे म्हणजे ते वाया घालवणे, म्हणून आधी सगळे कोरडे खरवडून काढले, मग साबणाच्या द्रावणाने धुतले, पूर्ण वाळू दिले आणि त्यानंतरच फवारणी केली. पाण्याच्या नळ्यांच्या आतला बुळबुळीत थरही काढला. तरीही धुण्यानंतर घेतलेल्या नमुन्यांपैकी एक पॉझिटिव्ह आला. तो खाद्य वाहून नेणाऱ्या यंत्राच्या तळाचा होता. तिथली पत्र्याची पट्टी उचकटली, तेव्हा आत वाळलेल्या खाद्यात मिसळलेल्या उंदरांच्या लेंड्या दिसल्या. इतके दिवस आम्ही कोंबड्यांची विष्ठा तपासत होतो आणि उंदीर त्यांच्या खाद्यातच जंतू टाकत होते. मी त्या पट्टीखाली याआधी एकदाही पाहिले नव्हते, ही चूक सर्वस्वी माझी होती. भिंतींच्या फटी बुजवल्या, सापळे वाढवले आणि सफाई पुन्हा पहिल्यापासून केली.

नवी पिल्ले तपासलेल्या मातृकळपातून आणली. पहिल्या काही दिवसांत पिल्लांच्या आतड्यात उपयुक्त जंतू स्थिरावलेले नसतात आणि मोजक्या साल्मोनेलानेही संसर्ग होतो, म्हणून त्या काळात शेडमध्ये एकाच माणसाने, वेगळे बूट घालून जायचे असे ठरवले. वाढीच्या काळात पाण्यातून जिवंत लस आणि तलंगा (तरुण कोंबड्या) अंड्यावर येण्यापूर्वी मृत लसीचे इंजेक्शन दिले. लस असली तरी तपासण्या थांबवल्या नाहीत, कारण लस जंतू बाहेर टाकण्याचे प्रमाण कमी करते, संसर्ग अशक्य करत नाही. आतापर्यंतचे चारही अहवाल निगेटिव्ह आहेत, पाचव्यासाठीचे मोजे आज सकाळीच पाठवले आणि यंत्राच्या तळाची ती पट्टी मी आता दर आठवड्याला उघडतो.