मिरवेलीची नोंद: ऊन द्यायचं ते पुढच्या पानाला

मागच्या नोंदीनंतर माझ्याकडच्या काळ्या मिरीच्या दोन्ही कुंड्यांच्या जागा बदलल्या. मॉस स्टिकवर (शेवाळ गुंडाळलेल्या काठीवर) चढवलेली वेल खिडकीच्या आतून पूर्वेच्या गॅलरीत आली आणि झुडूप मिरीची (न चढता झुडपासारखी वाढणाऱ्या मिरीची) कुंडी गच्चीवर ५० टक्क्यांच्या, म्हणजे निम्मं ऊन अडवणाऱ्या, शेडनेटखाली गेली. दोन्हींवरची नवी पालवी आता पूर्ण उघडून कडक झाली आहे. तोवर मुद्दाम काहीच लिहिलं नाही, कारण ऊन पुरतंय की जास्त होतंय हे मिरीच्या जुन्या पानांवरून नीट कळत नाही.

पान ज्या उजेडात उघडतं, त्या उजेडाच्या बेताने घडतं. सावलीत उघडलेलं पान मोठं, पातळ आणि गर्द हिरवं असतं. उन्हात उघडलेलं लहान, जाड आणि रंगाने जरा फिकं. पूर्ण वाढलेलं सावलीचं पान नंतर उन्हाचं होत नाही. त्यामुळे जागा बदलल्यावर जुनी पानं मलूल दिसली, एखादं गळलं, तरी लगेच कुंडी उचलून आत न्यायची घाई करू नये. आणि उलटही खरं: जुनी पानं मजेत दिसतात म्हणून जागा बरोबर आहे असं समजू नये. निकाल नवीन पान देतं.

वेलीवर हे फार छान वाचता येतं, कारण दोन्ही जागांचा हिशेब एकाच दांड्यावर आहे. खिडकीत वाढलेल्या भागात दोन पेरांमधलं अंतर दहा-अकरा सेंटीमीटर आहे. गॅलरीत वाढलेल्या भागात ते सहाच्या आसपास आलं. खालची पानं तळहाताएवढी आणि पातळ, वरची त्याहून बरीच लहान, बोटांत धरली तर चामट लागतात. सगळ्यात आनंदाची गोष्ट म्हणजे वरच्या भागात पहिली आडवी फांदी फुटली आहे. घोस या आडव्या फांद्यांवरच येतात, चढत्या दांड्यावर नाही. उजेड कमी असला की वेल नुसती लांबत राहते आणि आडव्या फांद्या तुरळक येतात.

उजेड मोजायला मी मोबाइलमधलं लक्स मीटर वापरते. ते अचूक नसतं, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं. आपल्या डोळ्यांवर मात्र अजिबात विसंबू नका. भर दुपारचं उघडं ऊन साधारण एक लाख लक्सचं असतं, आणि चांगल्या उजेडाच्या वाटणाऱ्या खोलीत टेबलावर काही शे लक्सच असतात. डोळा उजेडाशी आपोआप जुळवून घेतो आणि ही दरी झाकून टाकतो. खिडकीपासून चार पावलं आत गेल्यावर आपल्याला फारसा फरक जाणवत नाही, वेलीला मात्र तिथे उपास घडतो.

तरीही तो एक लाखाचा आकडा मिरीचं ध्येय नव्हे. ही जंगलातल्या मोठ्या झाडांच्या खोडावर, पानांतून झिरपणाऱ्या उन्हात चढणारी वेल. पूर्ण उन्हातला सगळा उजेड तिचं पान वापरूच शकत नाही. जास्तीचा उजेड पानातल्या हरितद्रव्याच्या यंत्रणेलाच इजा करतो; आधी पिवळट छटा येते, मग तपकिरी, कागदासारखे कोरडे चट्टे. त्यात हवा कोरडी असेल तर संकट दुप्पट. पाणी वाचवायला पान आपली रंध्रं (बारीक छिद्रं) मिटतं, बाष्पीभवन थांबतं आणि पान तापत जातं. म्हणून दमट हवेत सोसलेलं तेच ऊन रखरखीत दिवसांत पान भाजतं. पूर्वेचं कोवळं ऊन मी दोन-तीन तास बेधडक देते. पश्चिमेचं ऊन, तोपर्यंत हवा तापून कोरडी झालेली असते म्हणून, शक्यतो टाळते.

पिवळं पान दिसलं की सगळेजण उन्हाला दोष देतात, तेव्हा एक खूण सांगते. झुडूप मिरीच्या वरच्या बाजूला एक जुनं पान जाळीच्या फटीतून आलेल्या उन्हाने भाजलं. त्याच्यावर दुसऱ्या पानाचं टोक आलेलं होतं. ते वरचं पान बाजूला केलं, तर खाली त्याच्या टोकाचा आकार जसाच्या तसा हिरवा उरला होता आणि आजूबाजूचा भाग पिवळा. असा सावलीचा ठसा दिसला की कारण ऊनच. जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमकडे बघा. पानं पिवळी पडून माना टाकत असतील आणि माती ओली असेल तर आधी मुळं तपासा, तिथे उन्हाचा संबंध नाही. (पानांच्या मागे बारीक पारदर्शक मणी दिसले तर घाबरून औषध मारू नका. ती कीड नाही, मिरीचं पान स्वतःच ते तयार करतं.)

झुडूप मिरी ही आडव्या फांदीच्या छाटापासून केलेली असते, त्यामुळे ती चढत नाही आणि कुंडीतच फळते. शेडनेटखाली तिच्या प्रत्येक नव्या फांदीवर फुलांचे तुरे आले आहेत; यांचेच पुढे मिऱ्यांचे घोस होतात. तुरा पानाच्या बरोबर समोरच्या बाजूने निघतो, आधी उभा असतो आणि लांबला की खाली लोंबतो. सध्या सकाळी त्यांच्यावर बारीक फवारा मारते, पाण्याच्या थेंबांबरोबर पराग तुऱ्यावरून खाली उतरतात. हीच कुंडी आधी ७५ टक्क्यांच्या जाळीखाली होती, तेव्हा पानं देखणी होती आणि तुरे नावापुरते. दाट सावलीचा आणखी एक तोटा असा की मिरी पोखरून पोकळ करणारे भुंगेरे तिथेच जास्त माजतात. मिरीच्या बागांत पावसाळ्याआधी आधाराच्या झाडांच्या फांद्या छाटतात ते उजेड आत यावा म्हणूनच. त्याच बागांत नव्या वेलींना मात्र उन्हाळाभर झावळ्यांचा आडोसा करतात. वय बघून ऊन द्यायचं, ते असं.

जातीचाही विचार करा. पन्नियूर-१ मोकळ्या उजेडात भरभरून देते आणि दाट सावलीत मागे पडते. करिमुंडा सावली बऱ्यापैकी सोसते. रोपावर जातीचं नाव असेल तर जागा त्याप्रमाणे ठरवावी.

पुढचा बेत: वेलीची आडवी फांदी दोन-तीन पानांची झाली की स्टिक थोडी फिरवून ती फांदी उजेडाकडे आणेन. झुडपाची कुंडी आहे तिथेच राहील. तुरा आल्यापासून मिरी पक्व व्हायला सहा ते आठ महिने लागतात, आणि मध्येच जागा बदलली तर तुरे गळायची भीती असते. उन्हाळा तापला की दुपारपुरती जाळीवर दुसरी जाळी ओढेन आणि संध्याकाळी काढेन. त्या काळात उघडलेली पानं कशी निघतात ते पुढच्या नोंदीत.