बोटांच्या बेचक्यातली चीर

संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, तो मी साधा फ्लू समजून अंगावर काढला. दुसऱ्या दिवशी उजव्या नडगीवर तळहाताएवढा लालभडक, गरम आणि हात लावू न देणारा चट्टा दिसला आणि जांघेत अवधाण आल्याचे जाणवले, तेव्हा मात्र डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नडगी पाहिली, मधुमेह आणि पेनिसिलिनची ॲलर्जी यांबद्दल विचारले आणि मग माझ्या पायाची बोटे एकेक फाकवून बघायला सुरुवात केली. चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या बेचक्यात, मी कित्येक महिने दुर्लक्षिलेल्या चिखल्यांमुळे, एक बारीक चीर पडली होती.

हा सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेच्या खोल थरांचा आणि त्याखालील चरबीचा जंतुसंसर्ग होता. तो बहुधा स्ट्रेप्टोकोकस आणि कधी स्टॅफिलोकोकस या जिवाणूंमुळे होतो, आणि बुरशीने भेगाळलेली त्वचा ही त्यांची नेहमीची वाट असते. सेफॅलेक्सिन हे जिवाणूंवरचे औषध दर 6 तासांनी, 7 दिवस घ्यायचे ठरले. डॉक्टरांनी लालीच्या कडेने पेनाने रेघ आखली आणि बजावले, की ताप वाढला, फोड आले, त्वचा काळवंडली किंवा दिसते त्या मानाने वेदना फारच असह्य झाली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुसऱ्या सकाळी लाली रेघेच्या बोटभर पुढे गेली होती. मी घाबरून फोन केला. ताप उतरत आहे हे ऐकल्यावर, जिवाणू मरू लागले तरी दाह पहिले एकदोन दिवस पसरू शकतो, असे त्यांनी समजावले आणि औषध बदलले नाही. पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडून राहणे मला आधी आजीबाईच्या बटव्यातले वाटले होते. प्रत्यक्षात सूज आणि ठणका त्यानेच सर्वांत आधी ओसरला. तिसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत आली. तरीही उरलेल्या गोळ्या मी संपवल्या.

तथापि जिवाणूंवरचे औषध बुरशीला मारत नाही, त्यामुळे चिखल्या तशाच राहिल्या असत्या. त्यांवर क्लोट्रिमॅझोलचे मलम 4 आठवडे लावले. सेल्युलायटिस त्याच पायाला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, म्हणून आंघोळीनंतर बेचके कोरडे करणे आणि मोजे रोज बदलणे सुरू ठेवले आहे. गेल्या महिन्यात पाय पुसताना त्याच जागी पांढुरकी, भिजल्यासारखी त्वचा दिसली. मलम त्याच दिवशी सुरू केले.