रात्री दोन वाजता, नळीतलं पाणी

नाइट संपवून आत्ता घरी आलेय, झोप काही येत नाहीये. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) गरोदरपणाच्या २८ आठवड्यांतच जन्मलेलं बाळ व्हेंटिलेटरवर, असिस्ट कंट्रोल मोड, म्हणजे बाळाने श्वास सुरू केला की श्वासनलिकेतल्या ट्यूबजवळचा फ्लो सेन्सर तो ओळखतो आणि मशीन लगेच जोड देतं, नाहीतर जुन्या साध्या मोडमध्ये मशीन आपल्या ठेक्यात, बाळ आपल्या, नुसती झटापट. तर दोनला रेट, म्हणजे मिनिटाला श्वास, एकदम ९०! नवा रेसिडेंट म्हणे मॅडम, बाळ अस्वस्थ आहे, सेडेशन (गुंगीचं औषध) देऊया का? म्हटलं थांब रे बाबा, आधी बाळाकडे बघ, स्वतःहून एवढे श्वास घेतंय का ते? कुठे काय. सर्किटमध्ये, म्हणजे मशीनच्या नळ्यांमध्ये, पाणी साचून हिंदकळत होतं आणि सेन्सरला तोच बाळाचा श्वास वाटत होता. पाणी काढलं, रेट ५० वर. (ट्यूबच्या बाजूने लीक झाली तरी हाच गोंधळ, एवढ्याशा ट्यूबला कफ (हवा अडवणारा छोटा फुगा) नसतो ना बहुतेकदा.) ट्रिगरला (सेन्सरने किती हलका श्वास ओळखायचा, त्या सेटिंगला) हात लावला नाही, तो जड केला की मेहनत बाळालाच पडते.

सकाळी बाळाची आई आली, विचारते, हा श्वास तिचा की मशीनचा? म्हटलं सुरुवात तिची, पुढची मदत मशीनची. मग कितीतरी वेळ स्क्रीनकडेच बघत उभी होती.