पूल मोडले आणि माझा घसा बसला
आज फर्स्ट इयर इंजिनिअरिंगच्या पोरांची बाल्सा लाकडाच्या पुलांची स्पर्धा होती, इथे टेक्सासमध्ये. पूल कडकन मोडेपर्यंत वजन लटकवत जायचं, बास! वर्गात मेक्सिकन घरांतली मुलं बरीच, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली, काहीजण संध्याकाळी कामावर जातात, म्हणून सगळं बांधकाम क्लासच्याच वेळेत आणि सगळ्यांना किट सेम, नाहीतर ज्याच्या बापाच्या गॅरेजमध्ये वर्कशॉप तोच जिंकणार ना. एमआयटीत वुडी फ्लॉवर्स सरांनी १९७० च्या दशकात हेच केलेलं, सगळ्यांना एकसारखं सामान आणि त्यातून आपापलं मशीन.

एक मुलगी सेमिस्टरभर शेवटच्या बाकावर गप्प, आज तिने एका जॉइंटवर बोट ठेवलं, म्हणाली इथून जाणार, आणि तिथूनच गेला! वडील सुतारकाम करतात म्हणे.

टीम्स मात्र मीच पाडते, पोरांवर सोडलं की लिहायचं काम मुलींच्या गळ्यात आणि ग्लू गन भलत्याच्याच हातात, ठरलेलं. आणि जिंकण्याला मार्क कमीच ठेवलेत, निम्मे मार्क पूल का मोडला त्या रिपोर्टला. सोमवारी रिपोर्ट येतील, तोवर गरम पाण्याच्या गुळण्या 😄