टप उघडणाऱ्या जुन्या गाडीचे ऑप्शन: तुम्ही विचारलंत म्हणून

टप उघडणारी दोन आसनी स्पोर्ट्स कार सेकंडहँड घ्यायचे ठरवलेली माणसे मला वर्षातून चार-पाच वेळा तरी एकच प्रश्न विचारतात. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या समोर आहेत, दोन्हींचे वय आणि किलोमीटर जवळपास सारखे आहेत, एकीत यादीतले झाडून सगळे ऑप्शन, म्हणजे नवी घेताना जादा पैसे मोजून निवडलेल्या सोयी, आहेत आणि दुसरीत नावापुरतेही काही नाही. तर भरलेल्या गाडीसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत का? विचारणाऱ्याचे मन भरलेल्या गाडीकडे आधीच झुकलेले असते आणि त्याला फक्त माझा होकार हवा असतो. तो मी सहसा देत नाही.

नव्या गाडीतला ऑप्शन ही सोय असते. पंधरा वर्षांच्या गाडीतला तोच ऑप्शन म्हणजे पंधरा वर्षे वापरलेली मोटर, पंप किंवा कंट्रोल युनिट असते, आणि गाडीची किंमत कितीही उतरली असली तरी त्या सुट्या भागाची किंमत उतरलेली नसते. पहिल्या मालकाने हौसेने जे निवडले, त्याची दुरुस्ती तिसऱ्या मालकाच्या वाट्याला येते. म्हणून प्रत्येक ऑप्शनपुढे मी दोन प्रश्न ठेवतो: तो नसेल तर नंतर बसवून घेता येईल का, आणि असून बिघडला तर गाडीचे काय होईल?

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. माझी पहिली उघडी गाडी अशीच भरलेली होती आणि तिच्या विजेवर हलणाऱ्या, तीन जणांची बैठक लक्षात ठेवणाऱ्या आसनांवर मी भाळलो होतो. पहिल्याच पावसाळ्यानंतर एका सकाळी आसन जागचे हलेना. आदल्या दिवशी घरातल्या सर्वांत बुटक्या व्यक्तीने गाडी चालवली होती, त्यामुळे ते पुढे सरकलेल्या अवस्थेत अडकले आणि मी जवळजवळ दोन महिने गुडघे स्टीअरिंगला टेकवून गाडी चालवली. मेकॅनिकने आसनाखालचा गालिचा उचलून त्याखालच्या फोमवर तळहात दाबला, तेव्हा त्याच्या बोटांच्या फटींतून पाणी वर आले. आसनाचे कंट्रोल युनिट त्या फोमशेजारीच होते. पाणी टपातून गळले नव्हते; टपाच्या खोबणीतले पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत कुजलेली पाने अडकली होती आणि ते मागे फिरून आत उतरले होते. हाताने ओढायच्या लोखंडी दांड्याचे साधे आसन त्या पाण्यात वर्षभर राहिले असते तरी थोडे गंजून का होईना, सरकत राहिले असते.

म्हणून यादी वाचण्याआधी बाटलीभर पाणी घ्यावे. टप अर्धा उघडून, आसनांच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत खोबणीचा तळ जिथे दिसतो तिथे ते हळूहळू ओतावे आणि गाडीखाली वाकून पाहावे. नळी मोकळी असेल तर पाणी लगेच खाली पडते, तुंबलेली असेल तर खोबणीतच साचून राहते. पोर्शेच्या पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचे, म्हणजे ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, युनिट आसनाखाली असते, म्हणजे तिथे पाणी शिरले तर गाडी सुरूच होत नाही. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड-४ मध्ये टप हलवणाऱ्या हायड्रॉलिक पंपाची मोटर डाव्या बाजूच्या खोबणीत अगदी तळाशी बसवलेली आहे, त्यामुळे नळी तुंबली की सर्वांत आधी तीच बुडते. पाणी ओतायला हरकत घेणाऱ्या विक्रेत्याची गाडी मी पुढे पाहत नाही.

आता यादीबद्दल. जाहिरातीतल्या ‘सर्व ऑप्शनसह’ या शब्दांवर विसंबू नये, कारण ते लिहिणाऱ्याला बहुधा स्वतःलाच गाडीत काय आहे हे माहीत नसते. पोर्शेच्या त्या काळातल्या गाड्यांत पुढच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला आणि सर्व्हिस पुस्तिकेत एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर तीन आकडी संकेतांक छापलेले असतात. ०३० म्हणजे स्पोर्ट सस्पेन्शन, २२० म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्याला जोर देणारा), ४५० म्हणजे सिरॅमिक ब्रेक. बीएमडब्ल्यूच्या बाबतीत चासी क्रमांकाच्या शेवटच्या सात अक्षरांवरून कारखान्यातून निघतानाची संपूर्ण यादी काढता येते. चिठ्ठीवर आहे पण गाडीत नाही, असे काही आढळले तर ते का काढले हे आवर्जून विचारावे.

जे नंतर बदलता येत नाही त्यात पहिला क्रमांक टपाचा. कापडी की घडी होणारा पत्र्याचा, हा निर्णय गाडी घेतानाच घ्यावा लागतो आणि माझा कौल कापडाकडे आहे. पत्र्याचा टप बंद असताना गाडी शांत आणि उबदार असते, रस्त्यावर उभी केली तर कोणी ब्लेडने फाडत नाही, हे सगळे खरे आहे. परंतु २००९ साली आलेल्या झेड-४ मध्ये तो खाली घेतला की डिकी ३१० लिटरवरून १८० लिटरवर येते. माझदाने २००६ मध्ये एमएक्स-५ ला दिलेल्या पत्र्याच्या टपाने डिकी खाल्ली नाही, सुमारे बारा सेकंदांत तो उघडतोही. पण हलकेपणा हाच जिचा सगळा मोठेपणा, त्या गाडीवर त्याने चाळीस किलोच्या आसपास वजन चढवले. शिवाय अशा टपाच्या प्रत्येक सांध्यावर टप कुठवर आला हे कळवणारे छोटे स्विच असतात. त्यांतल्या एकाने खोटे सांगितले की टप अर्ध्यावर थांबतो, आणि तो नेमका आभाळ भरून आल्यावरच थांबतो. याउलट एमएक्स-५ चा कापडी टप खटका सोडून बसल्या जागेवरून एका हाताने मागे ढकलता येतो. त्यात मोटरच नाही, मग बिघडणार काय?

कापडी टपातही मागची काच कशाची आहे ते पाहावे. एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत आणि २००२ च्या सुधारणेपूर्वीच्या बॉक्स्टरमध्ये ती प्लॅस्टिकची होती. जुने प्लॅस्टिक पिवळे पडते, थंडीत कडक होते आणि घडीवर चिरते. म्हणून त्या बॉक्स्टरचे मालक टप निम्म्यावर थांबवून खाली उतरतात, प्लॅस्टिकच्या मधोमध हाताच्या कडेने हलका वार करून घडी नीट पाडतात आणि मग पुन्हा बटण दाबतात. पाहणाऱ्याला तो काहीतरी विधी वाटतो. काच हवी म्हणून नवे मॉडेल घेण्याची मात्र गरज नाही, कारण या दोन्ही गाड्यांसाठी काच बसवलेले तयार कापडी टप मिळतात. प्लॅस्टिक चिरलेले असेल तर त्या खर्चाइतकी किंमत कमी करून मागावी.

दुसरी न बदलता येणारी गोष्ट गिअरबॉक्स. होंडा एस२००० घेणाऱ्याला ही चिंताच नाही, कारण ती सहा गिअरच्या मॅन्युअलशिवाय कधी निघालीच नाही. बॉक्स्टरमध्ये २००८ पर्यंत पाच गिअरची टिपट्रॉनिक आणि २००९ पासून सात गिअरची, दोन क्लचची पीडीके मिळत होती. या दोन ऑटोमॅटिकमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि पहिलीसाठी जादा पैसे देण्यात मला अर्थ दिसत नाही. रोज रांगेत अडकणाऱ्याने पीडीके जरूर घ्यावी. पण अशी गाडी बहुतेक जण रविवारी सकाळी बाहेर काढतात आणि रविवारी सकाळी क्लच दाबायला कोणाचा पाय दुखतो?

चाकांबद्दल माझे मत विचारणाऱ्यांना सहसा आवडत नाही. टप कापून काढलेल्या गाडीचा सांगाडा वरून उघड्या खोक्यासारखा असतो. कारखान्याने तळाला आणि काचेच्या चौकटीला कितीही मजबुती दिली तरी खराब रस्त्यावर तो किंचित पिळला जातो, आणि तो पीळ डॅशबोर्डच्या थरथरीतून व आरशातल्या हलणाऱ्या चित्रातून जाणवतो. दुसऱ्या पिढीच्या बॉक्स्टरवर साधी चाके सतरा इंची होती आणि ऑप्शन म्हणून एकोणीस इंचीही मिळत. मोठ्या चाकावर टायरची भिंत पातळ होते, खड्ड्याचा दणका थेट सांगाड्यात जातो, रिम वाकते आणि टायर महाग पडतात. फोटोत एकोणीस इंची चाके निःसंशय सुंदर दिसतात. लहान चाकांची गाडी घेऊन कोणाला पश्चात्ताप झाल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

बटणावर मऊ-कडक होणारे सस्पेन्शन नवे असताना खरोखर चांगले असते. पंधरा वर्षांनंतर त्याचा एकेक शॉकअप साध्याच्या कितीतरी पट महाग पडतो. तरीही ते असलेली गाडी आवडली तर ओबडधोबड रस्त्यावर दोन्ही स्थितींत चालवून पाहावी. फरक जाणवला नाही तर तो ऑप्शन कागदावरच उरला आहे असे समजावे. सिरॅमिक ब्रेकबद्दल मी इतका मवाळ नाही. ते लोखंडी डिस्कच्या जवळपास निम्म्या वजनाचे असतात आणि पोर्शेवर पिवळ्या कॅलिपरमुळे लांबून ओळखू येतात, पण त्यांच्या चार डिस्क बदलण्याचा खर्च जुन्या बॉक्स्टरच्या किमतीचा मोठा हिस्सा गिळतो. ट्रॅकवर न जाणाऱ्याने ते टाळावेत. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियलची खरी गरजही ट्रॅकवर जाणाऱ्यांनाच असते. डॅशबोर्डवरच्या स्टॉपवॉचबद्दल इतकेच सांगतो की एका मित्राच्या गाडीतले ते मी एकदाच वापरले, आणि तेही सिग्नल किती वेळ लाल राहतो हे मोजण्यासाठी.

नेव्हिगेशन, सीडी चेंजर, जुन्या फोनचा पाळणा यांची किंमत शून्य धरावी. महागडी ध्वनियंत्रणा तर कधीकधी शून्याच्याही खाली जाते, कारण काही गाड्यांत तिच्या सगळ्या पेट्या प्रकाशतंतूंच्या एकाच कड्यात ओवलेल्या असतात आणि त्यांतली एक गेली की सगळ्याच मुक्या होतात. साधा रेडिओ मात्र तासाभरात काढून नवा बसवता येतो.

काही ऑप्शन मला मनापासून हवे असतात. तापणारी आसने हा त्यांतला पहिला, कारण टप उघडा ठेवून थंडीत गाडी चालवण्याचे दिवस त्यांच्यामुळे वाढतात आणि त्यातली तार तुटली तरी बसायला आसन उरतेच. मर्सिडीजने २००४ च्या एसएलकेमध्ये मानेवर गरम हवा सोडणारी झडप दिली होती. तीही चैनच, पण योग्य जागी केलेली. आसनांमागची वाऱ्याची जाळी त्याहून महत्त्वाची. पुढच्या काचेवरून निघालेला वारा आसनांमागच्या पोकळीत उतरतो आणि तिथून उलटा फिरून मानेवर येतो, म्हणून उघड्या गाडीत पुढून नव्हे तर मागून गार लागते. ती जाळी हा झोत अडवते. पूर्वीच्या मालकांनी ती अनेकदा माळ्यावर ठेवून दिलेली असते, म्हणून व्यवहार ठरण्याआधी तिची चौकशी करावी. ऊन कडक असेल तिथे काळे चामडे टाळावे. उन्हात तासभर उघड्या ठेवलेल्या गाडीत अर्ध्या चड्डीत एकदा बसलेल्या माणसाला याचे कारण सांगावे लागत नाही.

या सगळ्यापेक्षा कधीकधी गाडीचे वर्षच महत्त्वाचे ठरते. बॉक्स्टरच्या २००८ पर्यंतच्या इंजिनांत मधल्या शाफ्टच्या टोकाला एक बेअरिंग असते आणि ते फुटले तर इंजिनच जाते. २००६ नंतरच्या बहुतेक इंजिनांतले बेअरिंग मोठे आणि अधिक टिकाऊ आहे, पण ते बदलायचे तर इंजिन उकलावे लागते. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. तेव्हा २००८ ची भरलेली आणि २००९ ची ओकीबोकी अशी निवड असेल, तर माझ्या मते विचार करण्यासारखे काही उरत नाही.

अलीकडे एका गृहस्थांनी हाच प्रश्न विचारताना ओघात सांगितले की मुलगी वर्षाची आहे आणि तिलाही कधीकधी न्यायचे आहे. दोन आसनी गाडीत मुलाला बसवायला पुढची जागा सोडून दुसरी जागाच नसते, आणि मागे तोंड करून बसवायच्या बालआसनासमोर एअरबॅग चालू असणे जिवावर बेतू शकते. ती एअरबॅग किल्लीने बंद करण्याचा स्विच काही गाड्यांत सरसकट येतो, काहींत तो ऑप्शन होता, आणि बहुतेक विक्रेते त्याचा उल्लेखही करत नाहीत. त्यांनी पाठवलेल्या भरलेल्या गाडीच्या यादीत एकवीस ऑप्शन होते. त्यात हा नव्हता. साध्या गाडीची यादी त्यांच्याकडे नव्हतीच, फक्त फोटो होते. त्यांतला एक शेजारच्या आसनाचे दार उघडे असताना काढलेला होता आणि डॅशबोर्डच्या टोकाला, दाराआड झाकल्या जाणाऱ्या कडेवर, किल्लीचे छिद्र स्पष्ट दिसत होते.